विश्लेषण : ‘लेगो’च्या ठोकळ्याआधी होते लाकडी बदक... कर्जबाजारी सुतार खेळणी का बनवू लागला?

‘लेगो’ म्हटले की प्लास्टिकचे रंगीत ठोकळे डोळ्यांसमोर येतात. पण ही कंपनी पहिली १७ वर्षे प्लास्टिकचा एकही ठोकळा न बनवता चालली. तिचा पाया लाकडाचा होता. तो घालणारे ओले कर्क क्रिस्टियानसेन हे डेन्मार्कमधील एका खेड्यातले सुतार होते, दारे-खिडक्या, कपाटे आणि घरांचे वासे करणारे. वयाच्या ४१ व्या वर्षी काम थांबले, डोक्यावर कर्ज होते, त्याच वर्षी पत्नी गेली, घरात चार मुलगे होते. अशा वेळी या माणसाने खेळणी करायला घेतली. त्या धंद्यात ते नवखेच होते.

आज अनेक आई-वडील मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेण्यासाठी घरीच एखादे लाकडी खेळणे करून पाहतात. त्यांना या सुताराच्या चरित्रात बरेच काही सापडेल, अगदी चाक कसे बसवायचे इथपर्यंत.

ओले कर्क कोण होते?

जन्म ७ एप्रिल १८९१ चा, डेन्मार्कच्या जटलंड प्रांतात, फिल्स्कोव्ह गावाच्या परिसरात. हा भाग म्हणजे माळरान. जमीन हलकी, वारा बोचरा आणि शेती जेमतेम पोट भरणारी. घरात भावंडे पुष्कळ आणि पैसा कमी. ओले कर्क यांनी सुतारकाम थोरल्या भावाच्या हाताखाली शिकून घेतले. पुढे काही वर्षे जर्मनी आणि नॉर्वेत जाऊन कामे केली. नॉर्वेतच त्यांची हान्सिने हिच्याशी ओळख झाली आणि पुढे लग्न झाले.

१९१६ मध्ये ते परतले आणि बिलुंड या खेड्यात एक सुतारकामाचा कारखाना विकत घेऊन तिथेच स्थिरावले. कारखाना म्हणजे खरे तर एक कार्यशाळा होती. मोजक्या घरांचे गाव, आसपास शेतकरी. त्यांची घरे, गोठे, दूधसंस्थांच्या इमारती, चर्चमधील लाकूडकाम ही ओले कर्क यांची कामे. उन्हाळ्यात बांधकामे चालत, हिवाळ्यात कार्यशाळेत बसून कपाटे आणि टेबले होत. माणूस श्रद्धाळू, हसतमुख आणि हिशेबात मात्र काहीसा सैल. उधारी वसूल करताना त्यांना संकोच वाटे आणि काम हलके करून पैसे वाचवणे त्यांना जमत नसे. या दोन्ही गोष्टींनी त्यांना आयुष्यभर त्रास दिला. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीनेच त्यांना पुढे तारले, असे म्हणायला जागा आहे.

पहिली आग कशी लागली?

१९२४ मध्ये कार्ल गेऑर्ग आणि गॉटफ्रेड ही दोन लहान मुले कार्यशाळेत होती. थंडी होती. सरस गरम करायची शेगडी पेटवायला म्हणून ठिणगी पाडली आणि ती रंध्यातून निघालेल्या ढलप्यांच्या ढिगात गेली. सुताराच्या कामाच्या जागी पडलेल्या ढलप्या म्हणजे पेट्रोलच. कार्यशाळा गेली आणि लागून असलेले घरही गेले.

ओले कर्क यांनी या आपत्तीतून काढलेला मार्ग व्यवहारी माणसाला खटकावा असा होता. आधीपेक्षा लहान आणि स्वस्त बांधण्याऐवजी त्यांनी वास्तुरचनाकाराकडून आराखडा करून घेतला आणि आधीपेक्षा मोठी, पक्की इमारत उभी केली. दारापाशी दोन सिंहांचे पुतळे आले. ते घर ‘सिंहांचे घर’ म्हणून आजही बिलुंडमध्ये उभे आहे. पण त्यासाठी काढलेले कर्ज फिटायच्या आत जगावर मंदी कोसळली.

खेळण्यांकडे वळण्याची वेळ का आली?

१९२९ नंतरची जागतिक मंदी डेन्मार्कमध्ये शेतकऱ्याच्या दारातून शिरली. लोणी, डुकराचे मांस अशा निर्यातीवर जगणारा तो देश. मालाचे भाव पडले, शेतांचे लिलाव होऊ लागले. शेतकऱ्याकडे पैसा नसेल तर तो गोठा बांधत नाही आणि गोठा बांधला नाही तर सुताराला काम नाही. आपल्याकडे दुष्काळी वर्षात तालुक्याच्या बाजारपेठेत जे होते तेच तिथे झाले. ओले कर्क यांना कामगार कमी करावे लागले.

मोठी कामे बंद झाली तेव्हा घरगुती वापराच्या छोट्या वस्तू करून विकायच्या, असा विचार पुढे आला. घडीच्या शिड्या, इस्त्रीची फळी, बसायची स्टुले अशा वस्तू. त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांतून खेळणी होऊ लागली. या मोठ्या वस्तूंचे छोटे नमुने करताना खेळण्यांची कल्पना सुचली, असेही सांगितले जाते. साल १९३२. याच वर्षी हान्सिने यांचे निधन झाले. घरात योहानेस, कार्ल गेऑर्ग, गॉटफ्रेड आणि गेरहार्ट अशी चार मुले. थोरला पंधराच्या आसपास, धाकटा जेमतेम सहाचा.

फ्रेडरिशियाच्या एका घाऊक व्यापाऱ्याने नाताळसाठी खेळण्यांची मोठी मागणी नोंदवली. काम जोरात सुरू झाले आणि माल तयार होईपर्यंत त्या व्यापाऱ्याचेच दिवाळे निघाले. तयार मालाचा ढीग घेऊन ओले कर्क स्वतः दुकानदारांकडे फिरले. कुठे रोख मिळाले, कुठे पैशाऐवजी खाण्यापिण्याचा माल. कर्ज थोपवायला भावंडांकडे हात पसरावे लागले. त्यांनी मदत केली, पण धडधाकट सुताराने लाकडाच्या मोटारी करत बसावे हे त्यांना पटलेले नव्हते. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. ज्या गावात लोकांना खायची भ्रांत होती, तिथे खेळणी विकत कोण घेणार, हा प्रश्न कोणालाही पडला असता.

दार करणाऱ्याला खेळणे अवघड का जाते?

वरवर पाहता सहा फुटी दार करणाऱ्याला सहा इंची बदक म्हणजे पोरखेळ वाटावा. प्रत्यक्षात उलटे होते. दार चौकोनी असते, त्याला कडा असतात आणि ते एका जागी राहते. खेळणे गोल असते, आपटते, ओढले जाते आणि मुख्य म्हणजे तोंडात जाते. दाराचा एखादा कोपरा खरखरीत राहिला तर कोणाचे बिघडत नाही. खेळण्याची एक बारीकशी कूस पुरेशी असते.

म्हणून लाकडाची निवड महत्त्वाची ठरते. ओले कर्क यांच्या खेळण्यांसाठी बीचचे लाकूड वापरले जाई. डेन्मार्कच्या जंगलात हे झाड मुबलक. ते कठीण, बारीक पोताचे असते आणि त्याच्या सहसा कुसा निघत नाहीत. एक खोड मात्र आहे : ते नीट वाळलेले नसेल तर वाकते आणि तडकते. त्यामुळे ते आधी उघड्यावर दीर्घकाळ रचून ठेवायचे आणि मग भट्टीत वाळवायचे, असा क्रम होता. (सुताराचे नाव ओले असले तरी लाकूड त्याला कोरडेच लागे.)

प्रत्येक ठिकाणच्या खेळणीवाल्यांनी आपापले असे लाकूड शोधलेले आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी ज्या पांढऱ्या, बारीक पोताच्या लाकडाची होतात, ते आपल्याकडच्या काळ्या कुड्याचे. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी ज्यांनी हातात घेतली आहेत, त्यांना हलक्या लाकडाचे महत्त्व सांगायला नको.

योयोची चाके झाली ती कशी?

तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात योयोचे वेड पसरले. लहान-मोठे सगळे दोरीला टांगलेली ती चकती वरखाली करत होते. ओले कर्क यांच्या कार्यशाळेनेही लाकडी योयो करण्याचा सपाटा लावला. आणि वेड जसे आले तसे ओसरले. कार्यशाळेत न विकलेल्या योयोंचा साठा पडून राहिला.

तेव्हा त्यांनी ते मधोमध कापले आणि अर्ध्या योयोंची चाके करून खेळण्यातल्या गाड्यांना लावली. कंपनीच्या इतिहासात हा किस्सा काटकसरीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. पण ज्याने एकदा तरी घरी लाकडी गाडी करायचा प्रयत्न केला आहे, त्याला यातली खरी हुशारी लगेच कळेल. खेळण्यात सर्वांत कठीण भाग चाकाचा. गोल गरगरीत चकती कापणे आणि तिच्या अचूक मध्यावर भोक पाडणे यातच नवख्याचा बहुतेक वेळ आणि लाकूड वाया जाते. योयो म्हणजे मधल्या छोट्या आसाने जोडलेल्या दोन सारख्या चकत्या. तो फिरायलाच केलेला असतो, त्यामुळे त्याचा तोल आधीच साधलेला असतो. म्हणजे हातात शेकडो तयार चाके होती, तीही मध्य सापडलेली. ती शेगडीत घालण्याऐवजी गाडीखाली घातली.

‘लेगो’ हे नाव कोणी सुचवले?

१९३४ मध्ये खेळण्यांच्या धंद्याला वेगळे नाव हवे असे वाटू लागले. ओले कर्क यांनी कामगारांमध्ये स्पर्धा लावली. बक्षीस होते घरी केलेल्या वाइनची एक बाटली. परीक्षक मालकच आणि जिंकलेले नावही मालकांनीच सुचवलेले. डॅनिश भाषेत ‘छान खेळ’ या अर्थाच्या दोन शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ‘लेगो’ हा शब्द झाला. लॅटिनमध्ये याच शब्दाचा अर्थ ‘मी जुळवतो’ असा लावता येतो, हे नंतर लक्षात आले. ठोकळे बनवायला लागल्यावर तो अर्थ फारच सोयीचा ठरला, पण नाव ठेवताना तो कोणाच्या मनात नव्हता.

याच वर्षी ओले कर्क यांनी सोफी यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांना उल्ला ही मुलगी झाली. गॉटफ्रेड १२ व्या वर्षापासूनच कार्यशाळेत वडिलांच्या हाताखाली आला होता. थोडा मोठा झाल्यावर नव्या खेळण्यांचे आराखडे तो काढू लागला.

बदकाला तिसरा हात का हवा होता?

या काळातले सर्वांत लोकप्रिय खेळणे म्हणजे चाकांवरचे बदक. दोरीने ओढले की चोच उघडझाप करायची. एकदा गॉटफ्रेडने बदकांची एक खेप रंगवून, पेट्यांत भरून रेल्वे स्थानकावर पोहोचवली आणि खुशीत येऊन वडिलांना सांगितले की आज त्याने कंपनीचे पैसे वाचवले. नेहमी वॉर्निशचे तीन हात देत, त्याने दोनच दिले होते. बघून कोणाला फरक कळला नसता.

ओले कर्क यांनी त्याला तत्काळ स्थानकावर परत पाठवले. पेट्या आणायच्या, उघडायच्या, प्रत्येक बदकाला तिसरा हात द्यायचा, पुन्हा बांधायच्या आणि पुन्हा स्थानकावर न्यायच्या. हे सगळे त्याने एकट्याने करायचे, मदत घ्यायची नाही, रात्रभर जागावे लागले तरी. मुलाने ते केले. पुढे कंपनीचा प्रमुख झाल्यावर हा प्रसंग गॉटफ्रेड स्वतःच सांगत असे. मुलांसाठी उत्तमातले उत्तमही जास्त होत नाही, अशा आशयाची पाटी लाकडात कोरून त्यानेच कार्यशाळेत लावली होती.

आता ही गोष्ट बापाच्या कडकपणाची म्हणून वाचता येते आणि तशी ती आहेही. शाळकरी वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला रात्रभर एकट्याने राबवणे आज कोणाला आवडणार नाही. पण तिसऱ्या हाताला कारणही होते. लाकडावर पहिला हात दिला की तो आत शोषला जातो आणि ओलाव्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. पृष्ठभाग आधीपेक्षा खरखरीत लागतो. तो घासून दुसरा हात दिला की गुळगुळीतपणा येतो, पण थर पातळच असतो. तिसऱ्या हाताने तो लाळ, पाणी आणि आपटणे सोसण्याइतका जाड होतो. दोन हातांचे बदक दुकानात सारखेच दिसले असते. सहा महिन्यांनी एखाद्या बाळाच्या तोंडात पोपडे गेले असते, आणि मंदीतून नुकत्याच उठलेल्या कारखान्याला ते परवडणारे नव्हते. तेवढ्या मालावरच त्याचे नाव उभे होते.

घरी पहिले खेळणे करायचे तर...

ओले कर्क यांच्याकडे बदकासाठी यंत्रे होती. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कर्जाची पर्वा न करता लाकूड कोरण्याचे यंत्रही घेतले. घरी मात्र एक बारीक पात्याची करवत, एक ड्रिल, कानस आणि पॉलिश पेपर एवढ्यावर भागते. त्यातही पहिल्याच खेपेला चोच हलणारे बदक नको. साधी, दोन आसांची, चार चाकांची गाडी किंवा प्राणी पुरे.

साधारण सहा इंच लांब आणि दीड इंच जाड असा, गाठ नसलेला कोरडा तुकडा घ्यावा. प्लायवूड टाळावे, त्याच्या कडांचे पापुद्रे निघतात. फर्निचरवाल्याकडे सागाचे तुकडे सहज मिळतात, पण सागाच्या भुशाने काही जणांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. नाकाला रुमाल किंवा मास्क हवाच.

चित्र काढताना लाकडाच्या रेषा पाहाव्यात. बदकाची मान, हत्तीची सोंड, गाईचे शिंग असे अरुंद भाग रेषांच्या दिशेने यायला हवेत. आडवे आले तर पहिल्याच आपटण्यात तुटतात. नवख्यांची खेळणी मोडतात ती बहुधा यामुळेच.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही : आसाची भोके आकार कापण्याआधी पाडावीत. ठोकळा चौकोनी असतो तोवर तो टेबलावर सपाट बसतो, शिकंजात नीट धरता येतो आणि भोक सरळ जाते. एकदा बदक कापून झाले की त्याला धरायला सपाट बाजूच उरत नाही. भोक तिरके गेले तर गाडी एका चाकावर लंगडते. आसासाठी १० मिलिमीटरची गोल काठी असेल तर भोक ११ मिलिमीटरचे ठेवावे, म्हणजे ती आत मोकळी फिरेल. चाकातले भोक मात्र काठीइतकेच. सरस फक्त चाक आणि काठीच्या सांध्याला, आणि तोही अगदी थोडा. अंगातल्या भोकात एक थेंब गेला तरी खेळणे कायमचे ‘पार्क’ झाले म्हणून समजा.

चाकांसाठी फांदीच्या चकत्या कापायचा मोह होतो. दिसायला सुरेख, पण वाळताना त्या मध्यापासून कडेपर्यंत तडकतात. त्यापेक्षा ड्रिलला लावायचे ‘होल सॉ’ हे गोल करवतीचे पाते घ्यावे. ते चकती कापतानाच मध्याचे भोक पाडते. योयोने ओले कर्क यांचे जे काम केले, तेच हे करते.

पहिली गाडी जमली की मग गंमत करता येते. चाकातले भोक मध्यापासून जरासे, चार-पाच मिलिमीटर, बाजूला घ्यावे. दोन्ही चाके सारखी बसवली तर प्राणी वरखाली उड्या मारत जातो, उलटसुलट बसवली तर डुलत जातो. ओढले की हलणाऱ्या खेळण्यांमागचे तत्त्व साधारण हेच. आसावर मध्य सोडून बसवलेली एक चकती फिरते आणि तिच्या उंचवट्याने वरचा भाग उचलला जातो. अशा रचनेत आस आणि चाके एकत्रच फिरली पाहिजेत, म्हणून चाक आसावर पक्के लागते.

घासण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळता येत नाही. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०. नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. उभे राहिलेले तंतू पुन्हा घासावेत. हात स्वतःच्या गालावरून फिरवतो तसा खेळण्यावरून फिरवून पाहावा, बोटांना न लागलेली कूस गालाला लागते.

रंगापेक्षा तेल-मेण नवख्याला सोपे. जवसाचे कच्चे तेल आणि मधमाश्यांचे मेण चालते. तेल सुकायला आठवडे लागतात, घाई करू नये. हार्डवेअरच्या दुकानातले ‘उकळलेले’ जवस तेल मात्र नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असू शकतात. आणि एक धोका : जवस तेलाने माखलेली फडकी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी कोणताही सुटा भाग ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावेल इतका छोटा नसावा. दोरी गळ्याभोवती फिरेल इतकी लांब नको आणि तिला सरकगाठ नको. विक्रीसाठी करायचे असेल तर नियम वेगळे आहेत. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह बंधनकारक झाले आहे. स्वतःच्या मुलासाठी ते लागत नाही, पण चिन्हामागची काळजी लागतेच.

दुसरी आग, युद्ध आणि पुन्हा सुरुवात

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. खेळण्यांची आयात थांबली, धातू आणि रबर युद्धाकडे वळले. त्यामुळे लाकडी खेळण्यांची मागणी वाढली. कारखान्याला बरे दिवस येत होते तोच मार्च १९४२ मधल्या एका रात्री विजेच्या बिघाडातून आग लागली आणि सगळे गेले. यंत्रे आणि माल तर गेलाच, वर्षानुवर्षे जमवलेले आराखडे आणि नमुनेही गेले. विम्याचे पैसे पुरेसे नव्हते.

ओले कर्क तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. सोडून द्यावे, असे त्यांच्या मनात येऊन गेले. पण हाताखालची माणसे होती आणि मुलेही याच धंद्यात होती. त्यांनी पुन्हा बांधले, या वेळी एकामागून एक टप्प्याने माल तयार होईल अशा रचनेचा कारखाना. १९४४ मध्ये धंदा रीतसर कंपनी झाला.

मग लाकूड सुटले कसे?

युद्धानंतर कोपनहेगनमध्ये त्यांनी प्लास्टिक साच्यात ओतणारे एक इंग्रजी यंत्र पाहिले. किंमत सुमारे ३० हजार क्रोनर, म्हणजे छोट्या कारखान्याच्या दृष्टीने डोळे पांढरे करणारी. कारखान्यातल्या आणि घरातल्या अनेकांना ते वेड वाटले. ज्याने बदकाच्या तिसऱ्या हातासाठी मुलाला जागवले, तोच माणूस आता लाकूड सोडून या नव्या, स्वस्त वाटणाऱ्या पदार्थाकडे वळत होता. त्यांनी यंत्र घेतले, ते १९४७ च्या अखेरीस बिलुंडला पोहोचले.

या यंत्रासोबत आलेल्या नमुन्यांत एक पोकळ ठोकळा होता. तो ब्रिटनमधील ‘किडीक्राफ्ट’ या खेळणी कंपनीचे संस्थापक हिलरी फिशर पेज यांचा. त्यावरून बदल करत १९४९ मध्ये ओले कर्क आणि गॉटफ्रेड यांनी स्वतःचे ठोकळे बाजारात आणले. ही बाजू गौरवकथांमध्ये अनेकदा गाळली जाते. पेज १९५७ मध्ये वारले. लेगोने ‘किडीक्राफ्ट’च्या ठोकळ्याचे हक्क विकत घेतले ते १९८१ मध्ये. कारागिरीबाबत काटेकोर असलेल्या ओले कर्क यांना दुसऱ्याच्या कल्पनेबाबत तोच काटेकोरपणा लावावासा वाटला नाही, हेही त्यांच्या चरित्राचा भाग आहे.

सुरुवातीचे ठोकळे फारसे खपले नाहीत. ते आतून पोकळ होते, एकमेकांवर बसत पण घट्ट धरत नसत. लाकडी खेळण्यांवरच कारखान्याची बरीच कमाई चालू राहिली. १९५१ मध्ये ओले कर्क यांना पक्षाघाताचा झटका आला आणि सूत्रे हळूहळू गॉटफ्रेडकडे गेली. अखेर ठोकळ्याच्या आत नळ्या बसवण्याची युक्ती सापडली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. ठोकळे आता घट्ट बसू लागले.

त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ११ मार्च १९५८ रोजी, ओले कर्क यांचे निधन झाले. वय ६६.

फेब्रुवारी १९६० मध्ये तिसरी आग लागली, ती लाकडी खेळण्यांच्या विभागात. या वेळी तो पुन्हा बांधायचा नाही, असे गॉटफ्रेडने ठरवले. कार्ल गेऑर्ग आणि गेरहार्ट हे त्याचे भाऊ त्यानंतर कंपनीतून बाहेर पडले आणि लेगोची लाकडी खेळणी तिथेच थांबली. २०२० मध्ये कंपनीने बिलुंडच्या ‘लेगो हाउस’साठी ओले कर्क यांच्या बदकाची आठवण म्हणून एक संच काढला. तो प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा आहे, नाव मात्र ‘लाकडी बदक’.